उलट्या काळजाचं मोजमाप

गेल्या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मोबाईल घेऊन टेबलापाशी आली. स्क्रीनवर लाल रंगात आकडा होता, 78 टक्के, आणि त्याखाली ‘तुझ्यात सायकोपॅथ दडलाय!’ कॉलेजला येताना बसमध्ये तिने दहा प्रश्नांची चाचणी सोडवली होती. मैत्रिणी हसत होत्या. तिला मात्र हसू येत नव्हतं.

“मॅडम, मी तशी आहे का?”

मी तिला त्यातला एक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला. ‘लग्नसमारंभात तुम्हाला कंटाळा येतो का?’ तिने ‘हो’ म्हटलं होतं. असल्या प्रश्नांतून उलट्या काळजाचा माणूस सापडत असता, तर निम्मं गाव सापडलं असतं. तिची समजूत पटली, पण माझ्या मनातून तो आकडा गेला नाही. हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे. ‘सायकोपॅथ’ या एका शब्दाइतकी नासधूस दुसऱ्या कुठल्याच शब्दाची झालेली मी पाहिलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मराठीला हा माणूस नवा नाही. कोडगा, निगरगट्ट, बनेल, निर्ढावलेला, उलट्या काळजाचा, केसाने गळा कापणारा, एवढे शब्द उगीच तयार होत नाहीत. गंमत म्हणजे यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. कोडग्याला लाज नसते. बनेल माणूस गोड बोलून काम काढून घेतो. उलट्या काळजाच्या माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसतं, पण टोचत नाही. निर्ढावलेला शिक्षेला भीत नाही. मानसशास्त्राला दीडशे-दोनशे वर्षं लागली ती नेमकं हेच उलगडायला, की हे सगळे गुण एकाच माणसात एकत्र का आढळतात आणि कधी आढळत नाहीत.

आधी एक घोटाळा दूर करू. खुनाची बातमी आली की मथळ्यात ‘माथेफिरू’ येतो आणि लोक ‘सायको’ म्हणतात. पण सायकोसिस वेगळा आणि सायकोपॅथी वेगळी. सायकोसिसमध्ये माणसाचं वास्तवाशी असलेलं नातंच तुटतं. कानात आवाज येतात, सगळे आपल्या वाईटावर टपलेत असं ठामपणे वाटतं. 1960च्या दशकात मुंबईत रात्री फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या लोकांना ठार मारणारा रमण राघव आजही ‘सायको’ म्हणूनच लोकांच्या तोंडी आहे. 1968मध्ये तो पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली. पण तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासलं तेव्हा निदान निघालं जुनाट पॅरानॉईड स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे सायकोसिसच्याच एका आजाराचं. पुढे 1987मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि 1995मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. आपल्याकडचं ‘सायको’चं सर्वांत गाजलेलं उदाहरण सायकोपॅथीचं नाहीच. या गल्लतीची किंमत मोजतात ती स्किझोफ्रेनिया झालेली हजारो निरुपद्रवी माणसं, ज्यांच्या शेजारी राहायलाही लोक घाबरतात.

सायकोपॅथीत भ्रम नसतो. उलट बुद्धी लख्ख असते, बोलणं मुद्देसूद असतं. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा रुग्णांची नोंद केली होती. विचार शाबूत आणि वर्तन बेफाम हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. 1941मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले डॉक्टर हर्वी क्लेक्ली यांनी या माणसाचं पहिलं बारकाईचं चित्र काढलं. त्यांचे रुग्ण बहुतेक खुनी नव्हते. ते खोटे चेक वटवून पळणारे, नोकऱ्या सोडणारे, बायकोला खोटं सांगणारे आणि पकडले गेल्यावरही शांतपणे हसणारे लोक होते. डॉक्टरांना समोरचा माणूस इतका समंजस वाटायचा की फाईल पुन्हा वाचावी लागे.

पण चित्र म्हणजे मोजमाप नव्हे. ते काम कॅनडात व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले रॉबर्ट हेअर यांनी हाती घेतलं. तुरुंगातल्या कैद्यांबरोबर अनेक वर्षं काम करून त्यांनी एक यादी तयार केली. तिची सुधारित आवृत्ती 1991ची. तिच्यात 20 मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 40. उत्तर अमेरिकेत 30 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर संशोधक त्या माणसाला सायकोपॅथ म्हणतात. ब्रिटनमध्ये बऱ्याच अभ्यासांत ही रेषा 25वर धरतात. माणूस तोच, पण देश बदलला की रेषा सरकते. म्हणून तो आकडा रक्तगटासारखा कपाळावर चिकटवायचा नसतो.

ही यादी भरतात कशी ते जवळून पाहा. ‘सराईत खोटेपणा’ हा एक मुद्दा घ्या. समोरच्याला ‘तुम्ही खोटं बोलता का?’ असं विचारून तो भरता येत नाही. प्रशिक्षित तपासनीस दीड-दोन तास मुलाखत घेतो. शाळा कधी सोडली, लग्न का मोडलं, पहिली नोकरी कशी गेली, असं विचारत जातो. मग तुरुंगाची, कोर्टाची, शाळेची फाईल उघडतो. मुलाखतीत ‘मालकाने डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला’ आणि फाईलमध्ये ‘गल्ल्यातले पैसे चोरल्याबद्दल काढलं’. अशी तफावत आयुष्यभर, घरी-दारी-कामावर सगळीकडे दिसली तर 2 गुण. एखाद्या ठिकाणीच दिसली तर 1. फाईल नसेल तर नुसत्या मुलाखतीवरून गुण द्यायचेच नाहीत, असा नियम आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण ज्याच्या गोड बोलण्याचं मोजमाप करायचं, त्याच्याच गोड बोलण्यावर विसंबायचं नाही, हे त्यात मान्य केलेलं आहे. बसमधल्या चाचणीत ते कुठून येणार?

त्या वीस मुद्द्यांचे ढोबळ दोन गठ्ठे होतात. एकात वरवरचा गोडवा, स्वतःविषयी फाजील कल्पना, दुसऱ्याला वापरून घेणं, पश्चात्ताप नसणं, निष्ठुरपणा. दुसऱ्यात उतावीळपणा, कायम काहीतरी थरारक हवं असणं, दुसऱ्याच्या जिवावर जगणं, लहानपणापासूनची दांडगाई. दुसरा गठ्ठा जास्त आणि पहिला कमी असलेले कैदी तुरुंगात पुष्कळ असतात. त्यांना राग आवरत नाही, पण ते आईसाठी रडतात. त्यांना सायकोपॅथ म्हणणं चूक आहे. दोन्ही गठ्ठे भरलेले असतात तेव्हाच चित्र पुरं होतं. आता बरेच संशोधक आणखी बारीक फोड करतात आणि धाडस, दुष्टपणा व बेलगामपणा असे तीन धागे वेगळे मोजतात. 2009मध्ये ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी केली.

आता तुरुंगाबाहेर येऊ. जेरेमी कॉइड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये साध्या घरांतून 638 जणांची हेअर यांच्याच यादीच्या छोट्या आवृत्तीने तपासणी केली आणि 2009मध्ये निष्कर्ष छापले. ठरवलेल्या रेषेच्या वर गेलेल्यांचं प्रमाण 0.6 टक्के निघालं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गुणांचा उतार. बहुतेकांत ही लक्षणं जवळपास नव्हतीच, बऱ्याच लोकांत एखाददुसरं होतं आणि टोकाला अगदी थोडे. ‘ते’ आणि ‘आपण’ यांच्यामध्ये भिंत नाही. लांबलचक उतार आहे, आणि मी, तुम्ही, शेजारचे काका त्यावर कुठेतरी उभे आहोत. म्हणूनच सर्वसामान्य माणसांत, अगदी कॉलेजच्या मुलांतही, या गुणांचा अभ्यास करता येतो. त्यासाठी स्वतः भरायच्या प्रश्नावल्या आहेत. त्यांची अडचण उघड आहे, कारण खोटं बोलणाऱ्यालाच त्याच्या खोटेपणाबद्दल विचारायचं असतं. म्हणून चांगले अभ्यास प्रश्नावलीवर थांबत नाहीत. ते शरीराला विचारतात.

हेअर यांचा 1965चा एक प्रयोग माझ्या मुलांना कायम लक्षात राहतो. कैद्याच्या बोटांना तारा जोडल्या. समोर 1 ते 12 आकडे एकामागून एक दिसणार आणि 8 दिसला की विजेचा झटका बसणार, हे त्याला आधीच सांगितलेलं. तुमचे-माझे तळहात चार-पाचलाच ओले व्हायला लागतील. इतर कैद्यांचेही झाले. सायकोपॅथीची लक्षणं जास्त असलेल्यांची त्वचा मात्र कोरडीच राहिली आणि जी काही हालचाल झाली ती अगदी शेवटी. झटका त्यांनाही लागतो, पण येणाऱ्या झटक्याची सावली त्यांच्यावर पडत नाही. उद्याची भीती आज वाटणं, यावरच शिस्त, लाज, कर्जाचे हप्ते आणि लग्न उभं असतं. ती भीती नसेल तर ‘पुढे भोगावं लागेल’ या धमकीला अर्थ उरत नाही.

मग ही माणसं नुसती बधिर आहेत का? इथून गोष्ट रंगतदार होते. 1987मध्ये जोसेफ न्यूमन आणि सहकाऱ्यांनी कैद्यांना पत्ते खेळायला बसवलं. शंभर पाने. सुरुवातीला बहुतेक प्रत्येक पानाला पैसे मिळतात, मग दर दहा पानांमागे हरण्याची शक्यता वाढत जाते आणि शेवटी प्रत्येक पान हरायचंच. कधी थांबायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. सायकोपॅथीची लक्षणं जास्त असलेले कैदी इतरांपेक्षा जास्त वेळ पाने उलटत राहिले आणि जास्त पैसे हरले. मग संशोधकांनी एकच बदल केला. प्रत्येक पानानंतर आतापर्यंतचा हिशोब समोर ठेवला आणि पाच सेकंद थांबायला लावलं. तेवढ्याने ते इतरांसारखेच वेळेवर उठले. हिशोब त्यांना कळत होता. फक्त बक्षिसाकडे डोळे लागले की बाकीचं आपोआप त्यांच्या नजरेतून निसटत होतं.

हाच ‘आपोआप’ शब्द पुढे दयेच्या बाबतीतही येतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला ख्रिस्तियान कीझर्स यांच्या गटाने 18 सायकोपॅथ गुन्हेगारांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छोट्या चित्रफिती दाखवल्या. त्यांत फक्त दोन हात. एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, मारतो, झिडकारतो. नुसतं बघा म्हटलं तेव्हा, दुसऱ्याची वेदना पाहून आपल्याला जी कळ येते तिच्याशी संबंधित मेंदूतली हालचाल या माणसांत कमी होती. नंतर सांगितलं, ‘त्या हाताला काय वाटतंय ते अनुभवायचा प्रयत्न करा.’ तोच मेंदू, त्याच फिती, आणि फरक बराचसा पुसला गेला. हा निष्कर्ष 2013चा. माझ्या मते या क्षेत्रातल्या सर्वांत बोलक्या निष्कर्षांपैकी तो एक आहे. आपल्याला दया करावी लागत नाही, ती होते. रस्त्यात कोणी धडपडलं की आपल्या तोंडून ‘अरे अरे’ निघून जातं. यांना ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि मुद्दाम चालू करायची गोष्ट बंदही ठेवता येते. म्हणूनच हा माणूस तुमची वेदना ओळखून तिचा वापर करू शकतो, पण त्याला झोप मात्र व्यवस्थित लागते.

असं हे ‘आपोआप’ रोजच्या जगण्यात शोधणारे प्रयोग मला फार आवडतात. जांभईच घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने जांभई दिली की रांगच्या रांग देते. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात 135 विद्यार्थ्यांना जांभई देणाऱ्या, हसणाऱ्या आणि निर्विकार चेहऱ्यांच्या फिती दाखवून चेहऱ्याच्या स्नायूंची नोंद घेतली. ज्यांचा थंडपणाचा गुणांक जास्त, त्यांना जांभईची लागण कमी झाली. हे 2015चं. पण शेजारच्याने जांभई दिली नाही म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नका. अशा अभ्यासात सरासरीतला फरक दिसतो. त्या माणसाची झोपही पुरी झालेली असू शकते.

हसण्याचंही तसंच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये 11 ते 16 वर्षांच्या मुलांना खऱ्या, खळखळून हसण्याचे आवाज ऐकवून विचारलं, तुला यात सामील व्हावंसं वाटतं का? त्रासदायक वागणारी आणि शिवाय भावना कोरड्या असलेली मुलं ‘नाही’कडे झुकली, आणि हसण्यात ओढून घेणाऱ्या मेंदूच्या भागांतली त्यांची हालचालही कमी होती. भीती, वेदना यांविषयी वाचताना मी तटस्थ राहू शकते. पण हसू ऐकून आत काहीच न हलणारा अकरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आला की मला गलबलून येतं. गट्टी जमण्याची सुरुवात तिथे होते, आणि ती त्याची झालेलीच नसते.

आता याच उताराचं दुसरं टोक. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या अबिगेल मार्श यांनी अनोळखी माणसाला स्वतःची किडनी देणाऱ्या 19 जणांचा अभ्यास 2014मध्ये छापला. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग असतो. समोरचा घाबरलाय हे ओळखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कोरड्या, निष्ठुर मुलांमध्ये भ्यालेला चेहरा पाहून तो कमी जागा होतो, हे आधी दिसलं होतं. किडनी देणाऱ्यांचा उजवा अमिग्डाला सरासरीने मोठा होता आणि घाबरलेल्या चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होता. एकाच पट्टीवर एकीकडे ती मुलं, दुसरीकडे ही माणसं, आणि मधे आपण सगळे.

ऑफिसबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल अफवा जास्त आणि पुरावा कमी. ‘दर पाच साहेबांमागे एक सायकोपॅथ’ असले आकडे फिरतात. जवळून पाहिलेला अभ्यास पॉल बाबियाक, क्रेग न्यूमन आणि हेअर यांचा, 2010चा, 203 कर्मचाऱ्यांचा. त्यांत 3.9 टक्के लोकांना 30 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले. पण ती माणसं कंपन्यांनीच बढतीच्या दृष्टीने निवडलेली होती, त्यामुळे हा आकडा सगळ्या साहेबांना लावता येत नाही. त्यातली खरी माहिती दुसरी आहे. जास्त गुणवाल्यांना बोलण्याची छाप आणि कल्पकता यांत चांगले शेरे होते, तर प्रत्यक्ष काम आणि टीममध्ये वागणं यांत वाईट. मुलाखतीत पहिला येणारा आणि सहा महिन्यांनी सगळ्यांना नकोसा झालेला सहकारी ज्याने पाहिलाय, त्याला हे नवीन वाटणार नाही.

हे येतं कुठून? एसी व्हायडिंग आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास करून 2005मध्ये दाखवलं की निष्ठुर-कोरडेपणाच्या टोकाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 67 टक्के आहे. याचा अर्थ ‘बापावर गेलाय, संपलं’ असा लावणारे पालक मला भेटतात. त्यांना मी दत्तक मुलांचा 2016चा अमेरिकेतला अभ्यास सांगते. जन्मदात्या आईत समाजविघातक वर्तनाची लक्षणं होती तिथे बाळातही कोरडेपणाचा धोका जास्त दिसला, आईने त्याला वाढवलेलं नसतानाही. पण दत्तक घेणारी आई दीड वर्षांच्या त्या बाळाला वारंवार शाबासकी देत असेल, तर धोका घटलेला दिसला. अशा मुलाला शिक्षेपेक्षा शाबासकी जास्त पोचते, हे वरच्या आकड्यांच्या आणि पत्त्यांच्या प्रयोगांशीही जुळतं.

उपचारांचा इतिहास दुखरा आहे. कॅनडात ओंटारिओमधल्या ओक रिज या कडेकोट मनोरुग्णालयात तिथल्या गुन्हेगार रुग्णांनीच एकमेकांवर उपचार करायचे, तासन्‌तास मनं उघडी करायची, असा मोठा प्रयोग झाला. 1992मध्ये पाठपुरावा छापला गेला तेव्हा दिसलं की इतरांना त्याचा फायदा झाला, पण सायकोपॅथ उपचार न घेतलेल्या सायकोपॅथपेक्षा बाहेर जाऊन जास्त हिंसक गुन्हे करत होते. ‘यांचं काही होत नाही’ हे वाक्य त्यानंतर पक्कं झालं. त्याला छेद दिला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा किशोर उपचार केंद्राने. 1995 साली ते सुरू झालं, सगळ्यांत दांडग्या मुलांसाठी. दांडगाई, त्यावर शिक्षा, त्यावर आणखी दांडगाई आणि आणखी कडक शिक्षा, ही चढती साखळी तिथे तोडतात. आज मुलगा कसा वागला यावर उद्याच्या सवलती ठरतात. व्हिडिओ गेमपासून चॉकलेटपर्यंत बक्षिसं, रोज, न चुकता. मायकेल कॉल्डवेल यांच्या पाठपुराव्यात तिथून गेलेल्या मुलांकडून एकही खून झाला नव्हता. नेहमीच्या सुधारगृहांतल्या तुलनेच्या मुलांच्या हातून 16 माणसं मेली होती. पूर्ण बरी झालेली मुलं म्हणावीत असं ते नाही. तरी 16 माणसं म्हणजे 16 घरं.

पुढच्या आठवड्यात ती विद्यार्थिनी परत आली. या वेळी तीच चाचणी तिने तिच्या थोरल्या काकांच्या वतीने सोडवली होती. 91 टक्के. तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशी तिचा चेहरा का पडला होता. ‘हे घराण्यातच आहे का’ हा तिचा खरा प्रश्न होता.

मी तिला काकांचं निदान सांगितलं नाही. फाईलशिवाय, न भेटलेल्या माणसाचं निदान कोणीच करू नये, मीही नाही. मोबाईल बाजूला ठेवायला सांगून मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि तीन रकाने आखले. तारीख, ते काय म्हणाले, प्रत्यक्षात काय केलं. नाव काहीही द्या, माणूस कळतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या अंतरावरून. आजीच्या रडण्याने काका बदलतील अशी आशा घरच्यांनी सहा वर्षं धरली होती. मी म्हटलं, रडणं पोचत नसेल तर अटी पोचतात का ते पाहा. आजीच्या ठेवीवर दोन सह्या, बँकेत जाताना बाबा बरोबर, दिलेला शब्द कागदावर.

ती लिहीत गेली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं पेन थांबलं.

“एफडी मोडल्याची तारीख मला माहीत नाही, मॅडम. आजीला विचारते,” असं म्हणून ती फोन घेऊन व्हरांड्यात गेली.